कोपऱ्यातली बरणी

"वर किती जिने हायती?" आबांनी दारावरच्या शिपायाला विचारलं.

"एकच मजला. पण पेशंटला इकडं कुठं आणलंय? दवाखाना पलीकडच्या इमारतीत."

"पेशंट न्हाई मी," आबांच्या पाठीवरून जयसिंग म्हणाला. "प्रदर्शन बघाया आलोय."

शिपायानं त्याच्याकडं नीट पाहिलं. चौदा वर्षांचा पोरगा बापाच्या गळ्यात हात टाकून पाठीवर बसलाय आणि त्याचे दोन्ही पाय दोरीला बांधलेल्या घागरींसारखे खाली लोंबतायत, असं दृश्य त्यानं याआधी पाहिलं नसावं. तो बाजूला झाला. आबांनी धोतराचा सोगा खोचला, जयसिंगला जरा वर उसळवून घेतला आणि पायऱ्या चढायला लागले. मी मागून पिशवी घेऊन चालले होते. पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि जयसिंगला बसताना पाठीशी लागणारी उशी होती.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. जिल्ह्याच्या गावी मेडिकल कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून आठवडाभर त्यांचं शरीरशास्त्राचं संग्रहालय सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. आमच्या गावातल्या हायस्कूलची पोरं गाडी करून जाऊन आली. जयसिंगची शाळा सातवीलाच सुटली होती, पण त्याचा दोस्त म्हादू त्या गाडीतून गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हादू आमच्या ओसरीवर बसून बराच वेळ जयसिंगशी हळू आवाजात बोलत होता. तो गेल्यापासून जयसिंगनं एकच घोशा लावला. मला प्रदर्शन बघायचंय.

आई म्हणाली, "मेलेल्या माणसांची हाडं बघून काय मिळायचंय?"

पण आबांना तो विचार आवडला. ते म्हणाले, "बघू दे की. शरीर म्हंजे काय असतंय ते कळंल त्याला. मनानं घेतलं तर माणूस काय बी करतंय."

आबा म्हणजे माझे वडील, रंगराव खोत. तरुणपणी चार जिल्ह्यांत कुस्त्या मारलेला गडी. नंतर गुडघा गेला, म्हशी पाळल्या आणि गावच्या तालमीत पोरांना शिकवायला लागले. जयसिंग चार वर्षांचा असताना त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या होत्या की जत्रेत आबा त्याला खांद्यावरून उतरवून लोकांना दाखवायचे. "ह्या पोटऱ्या बघा. पाळण्यातनंच पैलवान आलाय." आलेगेले पैलवानही वाकून दाबून बघायचे आणि माना डोलवायचे. पुढं तो पळताना पडायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठायचा. आम्हाला वाटायचं, पोराची गंमत आहे. दहाव्या वर्षी तो जिना चढायचा थांबला, बाराव्या वर्षी चालायचा.

आबांनी काय करायचं ठेवलं नाही. निपाणीचा वैद्य झाला, गारगोटीकडचा हाड बसवणारा झाला, जोतिबाला दंडवत झालं. रोज सकाळी तेल तापवून ते त्याचं अंग रगडायचे, आणि मग त्याला तालमीतल्या खांबाला पाठ लावून उभं करायचे. पाय मुडपू नयेत म्हणून गुडघ्यांवर आणि छातीवर चामडी पट्टे बांधायचे. "ऊठ पैलवान. छाती काढ." जयसिंगच्या तोंडातून आवाज यायचा नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुसायला त्याचे हात बांधलेल्या पट्ट्यातून वर यायचे नाहीत. मी पुसायचे.

प्रदर्शनाच्या दोन वर्षं आधी एकदा आबा त्याला कोल्हापूरच्या एका मोठ्या डॉक्टरकडंही घेऊन गेले होते, मी सोबत होते. डॉक्टरनं आम्हा दोघांना बाहेर बसवलं आणि आबांशी एकट्याशी बोलला. आबा बाहेर आले ते हसत. हातात औषधाची बाटली होती. "टॉनिक दिलंय. सहा महिन्यांत पळशील बघ." त्यांच्या आवाजात इतका भरवसा होता की मी त्या दिवशी घरी येऊन आईला मिठी मारली होती.

तर त्या दिवशी आम्ही जिना चढून वर गेलो. लांबलचक दालन, उंच खिडक्या, आणि डोळ्यांना झोंबणारा उग्र वास. शाळेच्या पोरी ओढणी नाकाला लावून रांगेनं चालल्या होत्या. जागोजाग पांढरे कोट घातलेली कॉलेजची पोरंपोरी हातात काठी घेऊन समजावून सांगत होती. टांगलेला सांगाडा, काचेत ठेवलेलं काळीज, फुप्फुसं, धूम्रपान करणाऱ्याचं काळं फुप्फुस. आम्ही एकेका टेबलापाशी जायचो आणि लोक बरण्या सोडून आमच्याकडं बघायचे.

मधोमध एका मोठ्या काचपेटीत अख्खा माणूस ठेवला होता, कातडी काढलेला. दोरखंडासारखे स्नायू सुटे करून दाखवले होते. आबा त्याच्यापाशी खिळलेच.

"मांडी बघ, जया. ह्यो बैठका मारलेला गडी हाय." मग काठीवाल्या पोराला त्यांनी विचारलं, "कोण हुता ह्यो?"

"माहीत नाही, काका. नावं नसतात."

आबांनी एका हातानं जयसिंगला सावरलं आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी काढून त्या काचपेटीला नमस्कार केला. ते इतके खुशीत होते! दंडाचा स्नायू कुठून सुरू होतो, पाठीचा कुठं मिळतो, सगळं विचारून घेत होते आणि मान वळवून जयसिंगला परत सांगत होते. "हे सगळं तुझ्यात बी हाय. झोपलंय निस्तं. उठवायचंय आपल्याला."

"आबा, फुडं चला," जयसिंग म्हणाला.

"थांब की. बघू दे."

"अजून फुडं. त्या खिडकीपाशी."

त्याला कुठं जायचंय हे त्याला माहीत होतं. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी त्या वासातून लवकर बाहेर पडायची वाट बघत होते.

खिडकीशेजारच्या कोपऱ्यात गर्दी नव्हती. तिथं आजारी अवयव ठेवले होते. एका उंच काचेच्या बरणीत पाण्यासारख्या द्रवात एक पोटरी होती. गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत. भरीव, गोल, फुगीर. एका बाजूनं ती उभी चिरली होती, आतलं दिसावं म्हणून. आत लाल काही नव्हतं. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलासारखं पांढरट पिवळं काहीतरी ठासून भरलेलं होतं. खाली हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. 'स्नायूंचा ऱ्हास. मुलगा, वय सोळा.'

आबा बरणीकडं बघत राहिले.

शेजारी उभी असलेली पांढऱ्या कोटातली मुलगी पुढं आली. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिनं पाठ केल्यासारखं सुरू केलं. "हा पोटरीचा स्नायू आहे. बाहेरून बघितला तर जाडजूड, मजबूत वाटतो. आईवडलांना वाटतं, मूल सशक्त आहे. पण आतमध्ये स्नायू मरत गेलेला असतो आणि त्याच्या जागी चरबी भरलेली असते. हा आजार मुलग्यांनाच होतो. तीन-चार वर्षांचा असताना मूल वारंवार पडायला लागतं, आणि मग…"

तिची नजर आबांच्या कमरेपाशी लोंबणाऱ्या पायांवर गेली. ती थांबली.

"सांगा की ताई," जयसिंग म्हणाला. "मदीच का थांबला?"

"मी… मी आमच्या मॅडमना बोलावते." आणि ती जवळजवळ पळालीच.

रेगे मॅडम आल्या. केस पिकलेले, सुती साडीवर पांढरा कोट. त्यांनी आधी एक स्टूल मागवलं. आबांनी जयसिंगला त्यावर बसवलं, मी पाठीला उशी लावून धरली. मॅडम त्याच्यासमोर खाली बसल्या, चक्क फरशीवर. त्याची पोटरी हातात घेतली, दाबून पाहिली. मग विचारलं, "लहानपणी खालून उठताना कसा उठायचास?"

जयसिंगला हात धड उचलता येत नव्हते. मीच मांडीवर हात टेकून करून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"कुठं दाखवलंत?"

"लई ठिकाणी," आबा म्हणाले. "मालिश चालू हाय. रोज उभा करतो. अंडी, खारीक, म्हशीचं दूध…"

"औषध हाय काय ह्याच्यावर?" जयसिंगनं मध्येच विचारलं.

मॅडमनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "आज तरी नाही."

"मालिश करून? बांधून उभं करून?"

"हलक्या हातानं केलं तर सांधे आखडत नाहीत, एवढंच. गेलेली ताकद परत येत नाही. दुखतं का तुला?"

"लई दुखतं."

"मग दुखेपर्यंत करू नये."

"सगळ्यात शेवटाला कंचा स्नायू जातोय?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "बाळ, हे मी तुझ्या वडलांशी बोलते. तू आणि ताई जरा त्या खिडकीपाशी…"

"न्हाई. त्यांच्या म्होरंच सांगा. त्याच्यासाठीच आलोय आमी."

मी आबांकडं पाहिलं. ते बरणीवरून नजर काढत नव्हते. त्यांची मान ताठ होती. हलगी थांबून दोन पैलवान एकमेकांना भिडायच्या आधी असते तशी.

"श्वासाचा," मॅडम म्हणाल्या. "आणि काळजाचा."

"कवा?"

"प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणी विशीपर्यंत, कुणी त्याच्या थोडं पुढं. कुणी आधीही."

जयसिंगनं बरणीखालच्या चिठ्ठीकडं पाहिलं आणि मान डोलवली. शाळेत गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळलं की तो असाच करायचा.

मला वाटलं, संपलं. पण मॅडमनी आबांना विचारलं, "ह्याच्या आईच्या माहेरी कुणाला असा त्रास होता का? मामाला वगैरे?"

"मामा हुता एक. लहानपणीच गेला. देवी आल्या हुत्या म्हणून पाय गेलं हुतं त्याचं, असं सांगत्यात."

मॅडम आता फार जपून बोलल्या. हा आजार आईकडून मुलाकडं येतो. आईला स्वतःला काही होत नाही, तिला माहीतही नसतं, त्यामुळं तिचा यात काडीचा दोष नाही, हे घरी नीट सांगा. आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"ही कोण?"

"थोरली. विजयमाला. लगीन ठरत आलंय तिचं."

"मुलींमध्ये हा लपून राहू शकतो," मॅडम म्हणाल्या. "असेल किंवा नसेल. निम्मी शक्यता. खात्रीनं सांगणारी तपासणी आज आपल्याकडं नाही. असेल आणि तिला मुलगा झाला, तर…"

"तर काय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मघाची ती मुलगी मागं भिंतीला टेकून रडत होती. मला तिचा राग आला. रडायचं कारण माझ्याकडं होतं आणि मला रडू येत नव्हतं.

आम्ही खाली आलो. कॉलेजच्या सायकल स्टँडला लागून एक कट्टा होता, तिथं आबांनी जयसिंगला टेकवून बसवलं आणि समोरच्या गाड्यावरून चहा आणला. त्याला कप धरता येत नव्हता. आबा बशीत ओतून, फुंकून त्याच्या तोंडाला लावत होते.

"आबा," दोन घोट झाल्यावर जयसिंग म्हणाला. "म्हादूनं सांगितलं मला. म्हणाला, तितं एक पाय ठेवलाय, थेट तुझ्यावानी. त्यानं सगळं ऐकलं हुतं. म्हणून तुमास्नी आणलं."

आबांनी बशी पुन्हा त्याच्या तोंडाला लावली. त्यानं मान वळवली.

"तुमास्नी वाटतंय मी पळणार. रोज सकाळी उठून तेल तापवतासा, बांधतासा. माझ्यात जीव न्हाई आबा. तुमी म्हणतासा म्हणून उभा ऱ्हातोय. मला तोंडानं सांगाया येत न्हवतं. म्हटलं, डागतरनं सांगितलं तर ऐकशीला."

"मला ठावं हाय," आबा म्हणाले.

"काय?"

"सगळं. दोन वर्सं झाली. कोल्हापूरच्या डागतरनं सांगितलं हुतं. वय बी सांगितलं हुतं."

"आणि त्ये टॉनिक?"

"गुळमाट औषध. मीच दुकानातनं घेतलं."

सायकल स्टँडवर कुणाची तरी सायकल दुसऱ्या सायकलींवर पडली आणि सगळी रांग आडवी झाली. दोन पोरं हसत हसत ती उचलायला लागली. आम्ही तिघं तिकडं बघत राहिलो.

"मग बांधत का हुतासा मला?" जयसिंगचा आवाज फुटला. "ठावं हुतं तर का बांधत हुतासा?"

"काय तरी कराया नको?" आबा म्हणाले. "न्हाई केलं तर तुला वाटलं असतं, बापानं सोडलं मला."

"मी तुमच्यासाठी सोसत हुतो."

"आणि मी तुझ्यासाठी."

त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. चहा गार झाला. त्यावर साय धरली. मग जयसिंगच म्हणाला, "आक्काचं काय?"

आबांनी झटकन मान वर केली. तेवढं मात्र त्यांना आजच कळलं होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं माझ्याबद्दल काही सांगितलं नसावं, किंवा ते त्याआधीच उठून बाहेर आले असावेत. ते माझ्याकडं बघत राहिले. आणि मग हसले.

"त्या बाईला काय कळतंय? तुला कायबी न्हाई पोरी. धडधाकट हाईस तू. तुला वाघासारखी पोरं हुतील."

तोच आवाज होता. तोच भरवसा. मी जयसिंगकडं पाहिलं आणि त्यानं माझ्याकडं. तो आवाज आम्ही दोघांनीही ओळखला.

"आणि हितलं घराबाहेर कुणाला बोलायचं न्हाई," आबा उठता उठता म्हणाले. "पोरीचं लगीन व्हायचं हाय."

घरी आल्यावर आबांनी आईला गोठ्यात नेऊन सांगितलं. मी बाहेर वैरणीपाशी उभी होते. आई रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती फार साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या भावाला देवी आल्या न्हवत्या. आईनं तसं सांगाया लावलं हुतं. न्हाईतर माझं लगीन झालं नसतं."

आबांनी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. ते गोठ्यातून बाहेर आले, हातपाय धुतले आणि तालमीकडं निघून गेले. पण त्या दिवसानंतर ते तिच्याशी गरजेपुरतंच बोलले. मीठ, पाणी, म्हैस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल तापलं नाही. जयसिंग जागा होता. पट्टे खुंटीला लटकत होते. तो दिवस त्यानं सुट्टीसारखा काढला, माझ्याशी हसला, म्हादूला बोलावलं. तसे आणखी काही दिवस गेले. मग हळूहळू लक्षात आलं की आबांना आता त्याच्याजवळ बसायला काही निमित्तच उरलेलं नाही. ते दारातून डोकावायचे, "जेवलास काय?" विचारायचे आणि जायचे. आधी रोज दोन-दोन तास त्यांचे हात त्याच्या अंगावर असायचे. एकदा मी त्याची कूस बदलत असताना तो म्हणाला, "आक्का, त्यास्नी तितं न्यायला नको हुतं."

मी चादर सारखी केली.

माझं ठरत आलं होतं ते शेजारच्या गावातल्या प्राथमिक शिक्षकाशी. संपतराव नाव. शांत माणूस होता, बोलताना जमिनीकडं बघायचा. मला आवडला होता. सुपारीच्या आधी बोलणी करायला ती मंडळी आली, तेव्हा आम्हा दोघांना परसात पाच मिनिटं सोडलं. मी त्यांना प्रदर्शनात ऐकलेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमच्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"ठावं न्हाई. असंल, नसंल."

"मग सांगितलंत कशाला?" ते रागानं नाही बोलले. दुखावल्यासारखे बोलले. "न सांगता लग्न झालं असतं आणि नसतंच निघालं तर?"

"आणि निघालं असतं तर?"

ते बराच वेळ हौदाच्या कडेला बोट घासत उभे राहिले. म्हणाले, "घरात बोलून बघतो." चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आबा त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "कुणी सांगाया सांगितलं हुतं तुला? चार वर्सं पुढं ढकललं असतं तर काय बिघडलं असतं?" काय पुढं ढकलायचं होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नंतर त्यांनी आणखी दोन स्थळं आणली. मी दोन्ही वेळा पाटावर बसायलाच गेले नाही. एका घरात मी एका पोराला खांबाला बांधलेलं पाहिलं होतं. दुसऱ्या घरात मला ते बघायचं नव्हतं.

जयसिंग सतरावं लागता लागता गेला. मार्गशीर्षातली थंडी होती, खोकला झाला आणि तो बाहेर टाकायची ताकद त्याच्यात नव्हती. दुपारची वेळ होती. आबा त्याला छातीशी टेकवून बसवून होते, कारण आडवं केलं की त्याला श्वास मिळत नव्हता. आबांचा श्वास मोठमोठ्यानं चालला होता, जणू त्याच्या वाटणीचाही तेच घेतायत. एका क्षणी त्यांचा एकट्याचाच श्वास ऐकू यायला लागला. आबांना ते कळलं होतं. पण त्यांनी त्याला खाली ठेवला नाही. गावातली माणसं आली, तरी ते तसेच बसून होते, आणि शेवटी तालमीतल्या चौघांना त्यांचे हात सोडवावे लागले.

आबाही त्याच्यानंतर फार जगले नाहीत. तालीम बंद पडली. मला अंगणवाडीत सेविकेचं काम मिळालं आणि मी आणि आई दोघीच राहिलो.

गेल्या वर्षी माझ्या अंगणवाडीत एक मुलगा आला. उठताना गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात. मी त्याला तीनदा खाली बसवून उठवला. मग त्याच्या आईला घेऊन पुण्याला गेले. तिथं आता अशा मुलांसाठी वेगळा विभाग आहे, रक्तावरून सगळं कळतं. तरुण डॉक्टरनं मला विचारलं, तुम्ही हे ओळखलंत कसं? मी सांगितलं. तो म्हणाला, तुमचं आणि तुमच्या आईचंही रक्त बघू या, आता समजतं ते. मी नको म्हणाले. मग हो म्हणाले. आईला पुढच्या खेपेला सोबत नेलं.

त्या अंगणवाडीतल्या मुलाचं जे निघायचं तेच निघालं. आमचा निकाल घ्यायला मी एकटीच गेले. डॉक्टर हसतमुख होता. खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "आईंमध्ये दोष आहे, मावशी. पण तुमच्यात नाही. तुम्ही पूर्ण मोकळ्या आहात."

मी पिशवीचा बंद आवळत बसले, तेव्हा त्याला वाटलं मला समजलं नाही. त्यानं परत सांगितलं. तुम्हाला मुलं झाली असती तर ती अगदी ठणठणीत झाली असती.

एसटीत खिडकीपाशी बसून मी घरी आले. घाट कधी उतरला कळलं नाही. वाटेत कुठं काय लागलं, तेही आठवत नाही.

आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिला आता नीट दिसत नाही. पायांचा आवाज ओळखून तिनं विचारलं, "काय म्हणाला डागतर?"

"तुझ्यात हाय."

"त्ये मला ठावं हाय. तुझं?"

मी चपला काढल्या. पिशवी खाली ठेवली. ती तोंड माझ्या दिशेनं करून बसली होती, मान थोडी पुढं काढून.

"माझ्यात बी हाय," मी म्हणाले.

तिनं लांब श्वास सोडला. चाचपडत माझा हात शोधला आणि धरला.

"मग बरं केलंस गं बाय, लगीन न्हाई केलंस. इतकी वर्सं मला वाटत ऱ्हायलं, माझ्यापायी तुझं उगंच…"

"उगंच न्हाई."

"न्हाई नव्हं?"

"न्हाई."

ती माझा हात चोळत राहिली. मग म्हणाली, भूक लागलीय. मी भाकरी टाकली, तव्यावरची तशीच तिच्या ताटात दिली. तिनं ती सगळी खाल्ली आणि अजून अर्धी मागितली.